विश्वजालाची दारे

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ ‘सर्न’ नावाची एक विख्यात संशोधनसंस्था आहे. अणूच्या अंतरंगाचा वेध घेण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे एकत्र येतात. १९८० नंतरच्या दशकात या शास्त्रज्ञांपुढे एक चमत्कारिक अडचण उभी होती. संस्थेतील संगणक निरनिराळ्या बनावटीचे होते आणि माहिती साठविण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. त्यामुळे शेजारच्या दालनातील सहकाऱ्याने लिहून ठेवलेले टिपण वाचणेही कित्येकदा अवघड होऊन बसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञांनी या अडचणीवर उपाय शोधला. माहितीची पाने कोणत्याही संगणकावर असोत, ती एकमेकांशी दुव्यांनी जोडावीत आणि दुवा निवडताच हवे ते पान समोर यावे, अशी त्यांची योजना होती. १९८९ साली त्यांनी ती मांडली आणि १९९० च्या अखेरीस प्रत्यक्षात उतरविली. हेच पुढे जगभर पसरलेले ‘वर्ल्ड वाइड वेब’ किंवा विश्वजाल होय.

ही पाने पाहण्यासाठी संगणकावर जी आज्ञावली लागते, तिला ब्राउझर म्हणतात. मराठीत काही जण तिला ‘न्याहाळक’ असेही म्हणतात. पहिला ब्राउझर बर्नर्स-ली यांनी स्वतःच लिहिला. पाने वाचण्याची आणि लिहिण्याचीही सोय त्यात होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणताही मोबदला न घेता जगाला वापरण्यास खुले केले. विश्वजालाची वाढ इतक्या वेगाने झाली, याचे एक मोठे कारण या औदार्यात आहे. विश्वजाल सर्वांचे झाले. परंतु त्यात शिरण्याचे दार कोणाचे असावे, हा वाद मात्र तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

या वादाचे मर्म कळण्यासाठी ब्राउझर नेमके काय करतो, हे आधी पाहावयास हवे. दूरच्या संगणकाकडून येणारे पान तयार चित्रासारखे येत नाही. ते सांकेतिक खुणा केलेल्या हस्तलिखितासारखे असते. पूर्वीच्या छापखान्यात लेखकाचे हस्तलिखित जुळाऱ्यापुढे येई. हा मथळा, हा परिच्छेद, येथे चित्र, हा शब्द जाड ठशात, अशा खुणा त्यावर केलेल्या असत. त्या खुणा वाचून जुळारी खिळे जुळवी आणि पान बांधी. ब्राउझरचे काम याच प्रकारचे आहे. एचटीएमएल या भाषेतील खुणांवरून त्याला पानाची रचना कळते. सीएसएस या भाषेतून रंग, आकार आणि मांडणी कळते. आणि जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञा पाळून तो पानाला हालचाल देतो. ब्राउझरच्या ज्या अंगभूत भागाकडून हे काम होते, त्याला ‘इंजिन’ म्हणतात. दोन जुळाऱ्यांनी एकाच खुणेचे दोन अर्थ लावले, तर एकाच हस्तलिखिताची दोन निराळी पाने तयार होतील. म्हणून खुणांचे अर्थ सर्वांसाठी एकच असले पाहिजेत. हे अर्थ ठरविण्यासाठी १९९४ साली बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापन केली.

आरंभीची पाने बहुतांशी शब्दांचीच असत. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी ‘मोझेइक’ नावाचा ब्राउझर तयार केला. त्यात मजकुराच्या मध्येच चित्रे दिसू लागली आणि विश्वजालाकडे सामान्य माणसाचे लक्ष वेधले गेले. पुढच्याच वर्षी अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्या साहाय्याने एक कंपनी काढली आणि डिसेंबर १९९४ मध्ये ‘नेटस्केप नेव्हिगेटर’ हा ब्राउझर बाजारात आणला. थोड्याच अवधीत तो सर्वत्र वापरला जाऊ लागला. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केपमध्येच जन्मास आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्ट ही बलाढ्य कंपनी रिंगणात उतरली. तिचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ हा ब्राउझर मोझेइकच्याच वंशातील एका आज्ञावलीवर आधारलेला होता. नेटस्केप व्यापारी संस्थांकडून आपल्या ब्राउझरची किंमत घेत असे. मायक्रोसॉफ्टने मात्र आपला ब्राउझर फुकट दिला आणि पुढे तो विंडोजशी जोडूनच टाकला. नवा संगणक घरी आणणाऱ्या माणसाला तो आयताच मिळू लागला. मग दुसरा शोधण्याचे कष्ट कोण घेणार? दोन्ही कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी पानांत नव्या नव्या खुणा घुसडू लागल्या. एकीच्या खुणा दुसरीच्या ब्राउझरला कळत नसत. ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशा पाट्या संकेतस्थळांवर झळकू लागल्या. ज्या अडचणीतून विश्वजाल जन्माला आले होते, तीच अडचण नव्या रूपाने पुन्हा दाराशी येऊन उभी राहिली.

मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करावेत, असा निर्णय २००० साली खालच्या न्यायालयाने दिला. वरिष्ठ न्यायालयाने २००१ साली तो भाग रद्द केला. परंतु कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी राखली, हा निष्कर्ष कायम ठेवला. तोवर नेटस्केपची बाजू पडली होती. तथापि पराभवाच्या छायेत असतानाच तिने एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला होता. ३१ मार्च १९९८ रोजी तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगापुढे खुली केली. ती कोणीही वाचावी, सुधारावी आणि वापरावी, अशी मुभा दिली. त्या बीजातून ‘मोझिला’ नावाचा प्रकल्प उभा राहिला.

प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा काय घडले? इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतरच्या काळात जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोक हाच ब्राउझर वापरीत होते. परंतु सातवी आवृत्ती येण्यास २००६ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत जुने दोष तसेच राहिले, नवे नियम अपुरे पाळले गेले आणि सुरक्षेतील उणिवांचा लाभ घातक आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी उठविला.

या काळाची झळ मराठी वाचकांनाही लागली. त्या वेळी मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या ठशांत लिहिली जात. ठसा आपोआप उतरवून घेण्याची काही संकेतस्थळांची सोय केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चाले. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. पुढे युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीचा प्रसार झाला आणि देवनागरीतील प्रत्येक वर्णाला सर्वत्र एकच क्रमांक लाभला. तरीही इंजिनाचे काम संपले नाही. ‘कि’ हे अक्षर साठविताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उमटावी लागते. जोडाक्षरे जुळवावी लागतात, रफार योग्य जागी चढवावा लागतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांचा युनिकोडमधील क्रमांक एकच आहे. पान मराठी आहे अशी खूण पानात केलेली असेल, ठशात दोन्ही वळणांची सोय असेल आणि इंजिनाला ती खूण समजत असेल, तरच वाचकाला मराठी वळणाचा ‘ल’ दिसतो. ब्राउझरच्या वादाशी मराठी भाषेचा संबंध आहे, तो असा.

साचलेले पाणी हालविण्याचे काम मोझिलाने केले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. हजारो हितचिंतकांनी वर्गणी काढून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात त्याची जाहिरात दिली. एका खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय, नको त्या जाहिरातींच्या खिडक्यांना अटकाव आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे भर घालण्याची मुभा, हे त्याचे गुण लोकांना आवडले. स्वयंसेवकांच्या परिश्रमामुळे तो अनेक भाषांत, मराठीतही, उपलब्ध झाला. नॉर्वेतील ‘ऑपेरा’नेही मोलाची कामगिरी बजावली. त्याची ‘ऑपेरा मिनी’ ही छोटी आवृत्ती पाने आधी आपल्या संगणकांवर आटवून मग फोनवर पाठवी. त्यामुळे साध्या फोनवर आणि मंद जोडणीवरही विश्वजाल वाचणे शक्य झाले. भारतात तिचा फार उपयोग झाला.

याच सुमारास आणखी एक वंश वाढत होता. ‘केडीई’ या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांनी ‘केएचटीएमएल’ नावाचे इंजिन लिहिले होते. अ‍ॅपल कंपनीने ते घेऊन त्यातून ‘वेबकिट’ घडविले आणि २००३ साली ‘सफारी’ हा ब्राउझर सादर केला. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने वेबकिटच्याच आधारे ‘क्रोम’ आणला. त्याच्या उभारणीत भारतात शिकलेले सुंदर पिचाई हे अग्रणी होते. क्रोम वेगवान होता. उघडलेली पाने तो वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवी, त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहत. २०१३ साली गूगलने वेबकिटपासून फारकत घेऊन ‘ब्लिंक’ हे आपले इंजिन वेगळे केले. ‘क्रोमियम’ या नावाने क्रोमची बहुतांश संहिता खुली असल्याने इतरांनीही तिचा आधार घेतला. ऑपेराने २०१३ साली स्वतःचे इंजिन सोडून दिले. डिसेंबर २०१८ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘एज’ या ब्राउझरसाठी क्रोमियम स्वीकारण्याची घोषणा केली. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला.

परिणामी आज ब्राउझरची नावे पुष्कळ असली, तरी सर्वत्र चालणारी प्रमुख इंजिने तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे ‘गेको’. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही सारी ब्लिंकचीच कुळे आहेत. जगातील सुमारे दोनतृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे. फायरफॉक्सचा वाटा एके काळी तीनदशांशाच्या घरात होता. तो आता शंभरात दोन-तीनवर आला आहे.

ही स्थिती हितकर की अहितकर, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पूर्वपक्ष असा आहे: इंजिन एकच झाले तर बिघडले कोठे? संकेतस्थळ बांधणाऱ्याला एकदाच काम करावे लागेल आणि पान सर्वांना सारखे दिसेल. मायक्रोसॉफ्टने क्रोमियम स्वीकारताना हेच कारण पुढे केले होते. शिवाय आजचे इंजिन ही कोट्यवधी ओळींची प्रचंड रचना आहे. सुरक्षेतील छिद्रे सतत बुजवावी लागतात आणि त्यासाठी निष्णात माणसांची मोठी फौज पदरी असावी लागते. दहा ठिकाणी दहा दुबळी इंजिने असण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक बळकट इंजिन जोपासावे, हे शहाणपणाचे नव्हे काय? क्रोमियमची संहिता खुली आहे. गूगलचे वागणे पटले नाही, तर ती घेऊन कोणीही वेगळी वाट धरू शकतो.

उत्तरपक्षाचे म्हणणेही तितकेच विचार करण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टची घोषणा होताच मोझिलाचे तत्कालीन प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी जाहीर चिंता व्यक्त केली. विश्वजालावरील जीवनाचा आणखी मोठा भाग यामुळे गूगलच्या नियंत्रणाखाली जाईल, असे त्यांचे मत होते. संहिता खुली असली तरी तिच्यात काय घालावे आणि काय वगळावे, हे मुख्यतः ज्याची माणसे तेथे राबतात तोच ठरवितो. याचे एक उदाहरण ताजे आहे. ब्राउझरला जोडावयाच्या लहान आज्ञावल्यांचे जुने नियम क्रोमने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले. सुरक्षा आणि वेग वाढावा, हा हेतू गूगलने सांगितला. पण जाहिराती रोखणाऱ्या काही आज्ञावल्या त्यामुळे पूर्वीच्या सामर्थ्याने चालेनाशा झाल्या. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, ही गोष्ट टीकाकारांनी लोकांच्या लक्षात आणून दिली. फायरफॉक्सने जुनी सोय चालू ठेवली, म्हणून वाचकाला निवड करण्यास जागा उरली. इंजिन एकच असेल, तर त्यातील एक छिद्र सर्वांच्या घरात चोराला वाट करून देते, हाही मुद्दा आहेच.

या वादाला पैशाची एक बाजू आहे. ब्राउझर फुकट मिळतो; मग तो चालतो कशावर? शोधयंत्र म्हणून आधीपासून गूगलच योजलेले असावे, यासाठी गूगल इतरांना पैसे देते. न्यायालयात उघड झाल्याप्रमाणे २०२१ साली ही रक्कम २६ अब्ज डॉलरांहून अधिक होती. तिचा मोठा वाटा अ‍ॅपलला मिळतो आणि मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भागही यातूनच येतो. म्हणजे क्रोमचा प्रतिस्पर्धी बहुतांशी गूगलच्या पैशावर उभा आहे! ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. गूगलने क्रोम विकून टाकावा, अशी सरकारची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी ती अमान्य केली आणि इतरांना वगळणाऱ्या करारांना बंदी घातली. परंतु पैसे देणे मात्र सर्वस्वी थांबविले नाही. तसे केल्यास मोझिलासारख्या संस्थांनाच मोठा फटका बसण्याचा संभव होता. एकाचे बळ कमी करू पाहावे, तर दुर्बळालाच आधी इजा व्हावी, असा हा पेच आहे.

आयफोनच्या बाबतीतही असाच पेच दिसतो. तेथे कोणत्याही नावाचा ब्राउझर आतून वेबकिटच वापरील, असा अ‍ॅपलचा दंडक होता. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील देशांपुरता तो शिथिल झाला. ग्राहकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे योग्यच म्हणावे लागेल. पण हाच दंडक वेबकिटला टिकवून धरीत होता. तो सर्वत्र गेल्यास ब्लिंकचे राज्य आणखी पसरेल, अशी भीती काहींना वाटते.

भारतानेही या विषयात लक्ष घातले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला. पहिले पारितोषिक ‘झोहो’ या कंपनीच्या संघाला मिळाले. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझर क्रोमियमवरच आधारलेला आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र नवे दार बसविणे आणि दाराखालचा पाया स्वतः घालणे यांत केवढे अंतर आहे, हे त्यावरून ध्यानात येते. पाया घालण्याचे धाडस करणारेही आहेत. मोझिलात जन्मलेले ‘सर्वो’ हे इंजिन आता मुक्त प्रकल्प म्हणून वाढत आहे. ‘लेडीबर्ड’ हा ब्राउझर कोणाचेही जुने इंजिन न घेता आरंभापासून लिहिला जात आहे. ही कामे अपुरी आहेत, परंतु पायाचे दगड बसत आहेत.

तीस वर्षांहून अधिक काळाच्या या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्धेत नेटस्केप हरला, पण त्याच्या खुल्या संहितेतून फायरफॉक्स निघाला. केएचटीएमएलचे नाव मागे पडले, पण त्याचे वंशज आज कोट्यवधी यंत्रांत काम करीत आहेत. जोवर दुसरे दार उघडे होते, तोवर पहिल्या दाराचा मालक बिजागरीला तेल घालीत होता. दुसरे दार मिटले, तेव्हा पाच वर्षे गंज चढला. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांशी झुंजावे, पण खुणांचे अर्थ मात्र सर्वांनी मिळून ठरवावेत, हीच खरी हिताची रीत होय. २०२२ पासून अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे दरवर्षी काही नियम निवडून आपली इंजिने त्या नियमांच्या कसोटीला एकत्र लावतात, ही समाधानाची बाब आहे.

या कामात सामान्य वापरणाऱ्याचाही वाटा आहे. संगणकाबरोबर आयता आलेला ब्राउझर वापरण्यात दोष नाही. पण तो आपण निवडला की केवळ समोर होता म्हणून उचलला, एवढे ज्याने त्याने ठाऊक करून घ्यावे. ज्या विद्यार्थ्याला पुढे संकेतस्थळ बांधावयाचे असेल, त्याने आपले पान एका ब्राउझरात नीट दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. ते निदान दोन निराळ्या इंजिनांत उघडून पाहावे आणि वेलांटी, रफार व जोडाक्षरे दोन्हीकडे यथास्थित उमटतात की नाही, हे तपासावे.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामांची क्रमवार मांडणी. जुळारी – छापखान्यात अक्षरे जुळविणारा कारागीर. खिळे – छपाईची धातूची अक्षरे. संहिता – मूळ लिखाण. येथे, आज्ञावलीचे मूळ लिखाण. मक्तेदारी – एखाद्या व्यवहारावर एकाचाच ताबा. दंडक – सक्तीचा नियम. पूर्वपक्ष – वादात आधी मांडलेली बाजू. उत्तरपक्ष – पूर्वपक्षाला दिलेले उत्तर. फारकत – वेगळे होणे.

स्वाध्याय

१. सर्नमधील शास्त्रज्ञांपुढे कोणती अडचण होती? बर्नर्स-ली यांनी ती कशी दूर केली?

२. ब्राउझरला छापखान्यातील जुळाऱ्याची उपमा का दिली आहे?

३. ‘प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा काय घडले?’ या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.

४. कारणे द्या: (अ) पडद्यावर ‘कि’ हे अक्षर उमटविताना इंजिनाला विशेष काम करावे लागते. (आ) गूगलने पैसे देणे न्यायालयाने सर्वस्वी थांबविले नाही.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: कुरघोडी करणे, झळ लागणे, फारकत घेणे, ध्यानात येणे.

६. ‘सर्व ब्राउझरांचे इंजिन एकच असावे’ या विषयावर वर्गात वादविवाद घ्या. आपल्याला न पटणाऱ्या बाजूचे तीन मुद्दे आधी वहीत लिहून काढा.